सुमारगडाच्या बिनवाटेच्या रानात: वाडीतल्या वाटाड्याच्या सेवेचा अनुभव

खेड तालुक्यातल्या रसाळगड, सुमारगड आणि महिपतगड या तीन किल्ल्यांपैकी दोन टोकांचे किल्ले गाठणे फारसे अवघड नाही. रसाळगडाच्या पायथ्याशी रसाळवाडी आहे, महिपतगडाच्या कुशीत वाडी बेलदार आहे, आणि दोन्हीकडे मळलेल्या वाटा आहेत. मधल्या सुमारगडाची गोष्ट वेगळी आहे. तो चहूबाजूंनी रानाने वेढलेला आहे आणि त्याच्याकडे जाणारी वाट दर पावसाळ्यात बुजते. यंदा जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही चौघांनी महिपतगडावरून निघून सुमारगडाचा माथा गाठला आणि तिथून रसाळगडाला उतरलो. या दोन दिवसांसाठी महिपतगडाखालच्या एका वाडीतले वाटाडे आम्ही सोबत घेतले होते. त्यांच्या सेवेविषयी सविस्तर लिहावेसे वाटले, कारण डोंगरांच्या माहितीत 'गावातून वाटाड्या घ्यावा' एवढ्या एका वाक्यात हा विषय उरकला जातो. त्या वाटाड्याकडून नेमके काय मिळते, किती पैशांत मिळते आणि काय मिळत नाही, हे सहसा कोणी सांगत नाही.

आधी भूगोल सांगतो, म्हणजे पुढचे समजायला सोपे जाईल. सह्याद्रीच्या मुख्य कण्यापासून जगबुडी नदीच्या खोऱ्याने वेगळी झालेली ही दक्षिणोत्तर डोंगररांग आहे. उत्तरेला महिपतगड, मधे सुमारगड, दक्षिणेला रसाळगड. महिपतगड तिघांत सर्वांत उंच आणि सर्वांत विस्तीर्ण. त्याचा माथा सुमारे १२० एकरांचा आणि बराचसा झाडीने भरलेला आहे. तिथे उभे राहिले की पूर्वेला मकरंदगडाचे खोगीर आणि त्यामागे महाबळेश्वरच्या पठाराची भिंत दिसते. म्हणजे हा सारा मुलूख जावळीच्या खोऱ्याला खेटून आहे, त्या खोऱ्याइतकाच दाट आणि अडचणीचा. सह्याद्रीतला बेसॉल्ट थरांथरांचा असल्यामुळे इथला डोंगरउतार जिन्यासारखा उतरतो: एक कडा, त्याखाली झाडीचा पदर, पुन्हा कडा, पुन्हा पदर. दुरून हिरवा आणि सौम्य दिसणारा उतार आत शिरल्यावर मधेच तुटतो, आणि झाडी इतकी दाट असते की कड्याच्या ओठावर पोहोचेपर्यंत कडा दिसत नाही.

या तुटण्याचा अनुभव मी दोन वर्षांपूर्वी घेतला होता. शहरातल्या एका आयोजक संस्थेबरोबर आम्ही चौदा जण याच डोंगरधारेने निघालो होतो. वाटाड्या घ्यायचा नाही, कारण मोबाइलमध्ये कुणीतरी नोंदवलेली वाट आहे, असे म्होरक्यांनी आदल्या रात्रीच जाहीर केले होते. दुपारी तीनच्या सुमारास त्या नोंदीवरचा ठिपका आणि आम्ही एकाच जागी होतो, पण पुढे पाऊल टाकायला जागा नव्हती. पायाखाली पंधरा मीटरचा सरळ कातळ होता. हे का घडले ते मला नंतर नकाशा घेऊन बसल्यावर उमगले. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या पन्नास हजारी (१:५०,०००) नकाशात दोन समोच्च रेषांमधले, म्हणजे समान उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांमधले, उंचीचे अंतर २० मीटरचे असते, त्यामुळे १५ मीटरचा कडा त्या दोन रेषांच्या मधे सहज लपून जातो आणि कागदावर उतार एकसारखा दिसतो. शिवाय खोल घळीत उपग्रहांचे संकेत कातळावर आपटून येतात आणि दाट झाडीखाली ते मंदावतात, त्यामुळे ठिपका वीस-तीस मीटरने सहज सरकतो. मोकळ्या माळावर एवढ्या फरकाने काही बिघडत नाही, पण इथे तेवढ्यात एक नाळ, म्हणजे डोंगरातली अरुंद घळ, सोडून आपण भलत्याच नाळेत शिरतो. त्या दिवशी आम्ही आल्या पावली परत फिरलो, अंधार पडल्यावर चार विजेऱ्यांच्या उजेडात चौदा जण सांभाळत उतरलो, आणि वाडीत पोहोचलो तेव्हा रात्रीचे दहा वाजले होते. कोणाला इजा झाली नाही हे आमचे नशीब.

म्हणून या वेळी मी आधी माणूस शोधला आणि मग तारीख ठरवली. संपर्क सोपा नव्हता. वाडीत मोबाइलला रेंज ठरावीक जागीच येते, त्यामुळे निरोप पोहोचायला दोन दिवस गेले. पण बोलणे झाल्यावर त्यांनी जे प्रश्न विचारले त्यांतच माझा विश्वास बसला. किती जण आहात हे त्यांनी सर्वांत शेवटी विचारले. आधी विचारले की प्रत्येकाकडे पाणी किती मावेल, कोणाला गुडघ्याचे दुखणे आहे का, आणि कोणी अत्तर किंवा वासाचे तेल लावते का. शेवटच्या प्रश्नाचा अर्थ मला चालीच्या दुसऱ्या दिवशी कळला. वय साठीच्या आसपास, अंगाने शिडशिडीत, बोलणे मोजके. आम्ही त्यांना पहिल्यापासून मामा म्हणू लागलो आणि ते आम्हा सगळ्यांना, वयाचा विचार न करता, 'पावनं' म्हणत राहिले. त्यांचे नाव आणि नंबर इथे देत नाही. ते मान्य करतीलही, पण त्यांच्या घरची कामे सोडून त्यांना दिवसभर फोन उचलत बसावे लागेल, ते मला योग्य वाटत नाही.

दर त्यांनी स्वच्छ सांगितला: दिवसाचे १५०० रुपये, आणि रसाळगडाकडे सोडल्यास परतीच्या चालीचे ५०० रुपये वेगळे. घरी राहण्याचे पैसे त्यांनी घेतले नाहीत. जेवणाचे दर वेळी माणशी १५० रुपये घेतले. संध्याकाळी पोहोचलो तेव्हा चुलीवरची तांदळाची भाकरी, कुळथाचे पिठले, भात आणि लसणाची चटणी होती, आणि पहाटे निघताना नाचणीच्या भाकऱ्या फडक्यात बांधून मिळाल्या. त्या भाकऱ्या दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मऊ राहिल्या, हे मुद्दाम नमूद करतो, कारण आम्ही शहरातून नेलेला पाव पहिल्याच दिवशी चुरा होऊन गेला होता. सगळा हिशेब चौघांत ४७०० रुपये झाला, म्हणजे माणशी बाराशेच्याही आत. त्या आयोजक संस्थेने फसलेल्या वाटेचे माणशी यापेक्षा अधिक घेतले होते.

पहिला दिवस महिपतगडाचा. त्याविषयी थोडक्यात सांगतो, कारण तिथे वाट आहे आणि वाटाड्यावाचूनही जाता येते. माथ्यावरच्या रानात पारेश्वराचे मंदिर आहे, जवळ पाण्याची सोय आहे आणि रात्र काढायला ती उत्तम जागा आहे. फरक एवढाच जाणवला की गड पाहायला जे दोन तास लागले असते तिथे मामांनी साडेचार तास लावले, कारण झाडीत हरवलेले दरवाजे, ढासळलेली तटबंदी आणि चुन्याचे ढीग आम्हाला आमचे दिसलेच नसते. हे ढीग पाहताना मन हेलावते. मोठे बांधकाम योजले होते, चुना वर आणून ठेवला होता, आणि ते काम राहून गेले. त्या ढिगांवर आता झाडे उगवली आहेत.

दुसऱ्या दिवशी पहाटे सहाला, पुरते उजाडण्याआधी, आम्ही गडाच्या दक्षिण अंगाने उतरू लागलो. पहिला तासभर पाऊलवाट होती. नंतर ती एका सपाटीवर आली आणि तिच्या पाच वाटा झाल्या. पाचही सारख्याच मळलेल्या, सारख्याच रुंद. दोन वर्षांपूर्वी आमचा म्होरक्या इथेच सर्वांत रुंद वाटेने गेला होता. मामा इथे थांबले, कमरेच्या आकडीतून कोयता काढला, पण चालवला नाही. प्रत्येक वाटेच्या तोंडाशी जाऊन ते जमिनीकडे न पाहता वर, फांद्यांकडे पाहत होते. मी कारण विचारले. ते म्हणाले, "ढोराच्या वाटंला फांदी कमरंपातूर मोकळी असती, वर झाकलेली. मानसाच्या वाटंला खांद्याच्या उंचीला घाव असतो." मग त्यांनी चौथ्या वाटेच्या तोंडाशी एका अंजनीच्या फांदीवर बोट ठेवले. तिथे कोयत्याचा तिरपा घाव होता, बहुधा बऱ्याच वर्षांपूर्वीचा, कारण कडेने साल वाढून त्याचा ओठ तयार झाला होता आणि मधले लाकूड काळे पडले होते. हाताने चाचपल्याशिवाय तो घाव आहे हे मला कळले नसते. आम्ही त्या वाटेने निघालो. शंभर पावलांवर तसाच दुसरा घाव, पुढे एका हिरड्याच्या बुंध्यावर तिसरा. नंतर वाट पूर्णपणे संपली तरी घाव मिळत राहिले. पुढचे तीन तास आम्ही जमिनीवरची वाट सोडून झाडांवरच्या या जुन्या घावांच्या मागाने चाललो, असे म्हटले तरी चालेल.

या भागात कारवी हे दाट वाढणारे झुडूप भरपूर आहे, आणि कारवीमुळेच नोंदवलेली वाट लवकर शिळी होते. कारवी सात वर्षांनी एकदाच फुलते आणि फुलून बी धरल्यावर अख्खे रान वाळून जाते. त्या वर्षी जो गेला असेल त्याला धार मोकळी मिळते, समोरचा डोंगर दिसतो, आणि तो प्रामाणिकपणे लिहितो की वाट सोपी आहे. पुढे दोन-तीन वर्षांत नवी कारवी डोक्याच्या वर जाते आणि त्याच धारेवर पाच पावलांपलीकडचा माणूस दिसेनासा होतो. मामांना प्रत्येक उतारावरची कारवी कोणत्या साली फुलली हे ठाऊक होते, आणि त्यावरून ते धारेने जायचे की खालच्या पदरातून आडवे मारायचे हे ठरवत होते. एका ठिकाणी, समोर धार सरळ दिसत असताना, त्यांनी आम्हाला साठ-सत्तर मीटर खाली उतरवले. पदरात जुने, सदाहरित रान होते. वर झाडांचे छत इतके घट्ट की खाली झुडूप वाढलेले नाही, त्यामुळे चालणे उलट सोपे झाले. गारंबीच्या वेली दोरखंडासारख्या एका झाडावरून दुसऱ्यावर गेल्या होत्या, त्यांच्या हातभर लांब शेंगा लोंबत होत्या, आणि वर कुठेतरी शेकरू खडखडल्यासारखा आवाज करत आमची वर्दी देत होते. त्या पदरातला पाऊण तास मला आयुष्यभर पुरेल.

खाजकुयलीच्या बाबतीत त्यांनी दाखवलेली सावधगिरी मला फार मोलाची वाटली. जानेवारीत तिच्या शेंगा वाळलेल्या असतात आणि नुसत्या वाऱ्याने त्यांची लव उडते. एका ओढ्याच्या कडेला तिची जाळी होती. आम्हाला ती साध्या वेलीसारखी दिसली. मामांनी वीस पावलांवरूनच थांबवले, बाह्या खाली करायला लावल्या, मानेला रुमाल बांधायला लावले आणि वाऱ्याच्या वरच्या अंगाने वळसा घालून नेले. ज्याला ही खाज एकदा लागली आहे त्याला या वळशाची किंमत सांगायला नको.

साडेदहाच्या सुमारास खरा निर्णयाचा क्षण आला. सुमारगडाचा कातळमाथा समोर होता, मधे एक नाळ आणि नाळेच्या वर पुढे आलेला कडा. नाळेतून गेलो असतो तर अर्ध्या तासात पायथ्याशी पोहोचलो असतो. मामांनी कड्याखाली लोंबणारी चार-पाच काळी झुंबरे दाखवली: आग्या मोहोळ. ऊन कड्यावर येऊ लागले होते आणि वारा आमच्याकडून तिकडे जात होता. आमच्यातल्या एकाने सुचवले की आवाज न करता भरभर निघून जाऊ. मामांनी त्याच्याकडे पाहून शांतपणे, "हितनं नाय जायाचं," एवढेच म्हटले आणि ते मागे वळलेही. अत्तराचा प्रश्न त्यांनी फोनवर का विचारला होता ते तेव्हा कळले. त्या वळशात सव्वा तास गेला, एक घसाऱ्याचा उतार चढावा लागला, सगळे घामाघूम झाले, आणि मनातून थोडे नाराजही होतो. आज विचार करताना मला वाटते की १५०० रुपयांतले किमान हजार रुपये त्या एका नकाराचे होते. ज्या घळीतून सुटायला एकच अरुंद वाट आहे तिथे आग्या माश्या उठल्या तर पळायला जागा नसते, आणि पळणारा माणूस कड्यावरून जातो. वाट दाखवणारे पुष्कळ मिळतात. पैसे घेतलेल्या पाहुण्याला नाही म्हणणारा माणूस मिळणे कठीण, आणि वाटाड्या निवडताना मी यापुढे हेच पाहणार आहे.

शेवटच्या कातळटप्प्याविषयी मात्र माझी तक्रार आहे. हा टप्पा उंचीने फार नाही, पण बाजूला दरी मोकळी आहे आणि पकडी घासून गुळगुळीत झाल्या आहेत. आमच्यातली एक सहचारी पहिल्यांदाच असा कातळ चढत होती आणि मधे तिचे पाय थरथरू लागले. मामा खालून खांदा लावून उभे राहिले आणि 'पाय ठेव, मी हाय' म्हणाले. त्यांच्या धीराविषयी मला शंका नाही, पण साठीच्या माणसाचा खांदा ही सुरक्षा व्यवस्था म्हणता येत नाही. तोल गेला असता तर दोघेही गेले असते. सुदैवाने आमच्याकडे वीस मीटरचा दोर, पट्टे आणि दोर अडकवायच्या कड्या (कॅराबिनर) होत्या, वरच्या बाजूला भक्कम कातळ होता, आणि मी वर जाऊन दोर लावून तिला घेतले. मामांना दोराची गरज मनापासून पटली नाही. त्यांच्या लेखी हा टप्पा जिन्यासारखा आहे, कारण ते लहानपणापासून तो चढत आले आहेत. ज्यांच्याकडे दोर आणि तो वापरणारा माणूस नाही त्यांनी केवळ वाटाड्याच्या भरवशावर सुमारगडाच्या माथ्यावर जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

माथा लहान आहे. कातळात खोदलेली पाण्याची टाकी आहेत, आणि गुहेत महादेवाचे स्थान आहे. तिथे पोहोचल्यावर मामांनी आधी चपला काढल्या, टाक्यातले पाणी ओंजळीत घेऊन पिंडीवर घातले आणि मग आम्हाला पाणी भरू दिले. पाणी गार आणि स्वच्छ होते, तरी आम्ही ते गाळून, औषध घालून घेतले. सकाळपासून तिथवर मधे कुठेही पिण्याजोगे पाणी मिळाले नव्हते. माणशी चार लिटरचा त्यांचा आग्रह बरोबर होता. पाऊण वाजला होता. उत्तरेला महिपतगडाचे पठार, दक्षिणेला रसाळगडाची शेपटी, पश्चिमेला खेडकडचे मोकळे कोकण, आणि पायाखाली चहूकडे एकसलग झाडी. आपण कोणत्या बाजूने आलो हे वरून पाहूनही सांगता येत नव्हते. त्या माथ्यावर आम्ही तासभर बसलो. मामांनी घाई केली नाही, पण पावणेदोनला उठले ते उठलेच.

रसाळगडाकडची उतरण लांब आहे, पण तुलनेने सोपी आहे. रान विरळ होत जाते, मधे धनगरवाडा लागतो, तिथून पुढे वाट मळलेली आहे. धनगरवाड्यात आम्हाला ताक मिळाले आणि पैसे कोणी घेतले नाहीत. संध्याकाळी सहाला आम्ही रसाळगडाच्या झोलाई देवीच्या प्रशस्त मंदिरात होतो; तटावरच्या तोफा मावळत्या उन्हात पाहून झाल्या. मामा मात्र धनगरवाड्यापासूनच परतले. तिथून वाट चुकण्यासारखी नाही हे त्यांनी आधीच सांगितले होते आणि ते खरेही होते. तरी ठरलेल्या सेवेचा शेवट नेमका कुठे, हे निघण्यापूर्वी बोलून घ्यावे. आमच्या समजुतीत ते रसाळगडापर्यंत येणार होते.

उरलेल्या उणिवाही स्पष्ट लिहितो. मामांकडे प्रथमोपचाराची पेटी नव्हती, विजेरी होती पण तिचा उजेड क्षीण होता, आणि सोबत दुसरा माणूस नव्हता. वाटेत त्यांनाच काही झाले असते तर आम्ही चौघे त्या रानात आंधळे होतो. ही शक्यता आम्ही निघण्यापूर्वी विचारात घ्यायला हवी होती, ती घेतली नाही, आणि हा दोष आमचाही आहे. पुढच्या वेळी मी दोन माणसे मागेन आणि दुसऱ्याचे पैसे आनंदाने देईन. त्यांची चाल जलद आहे. ते मागे वळून पाहतात, पण थांबतात आपल्या अंदाजाने, आणि शेवटचा माणूस पोहोचताच पुन्हा निघतात, त्यामुळे जो सर्वांत दमलेला त्यालाच विश्रांती मिळत नाही. हे आम्ही दोनदा सांगितल्यावर सुधारले. लग्नसराईत किंवा शेतीच्या कामात ते स्वतः येऊ शकले नाहीत तर पुतण्याला पाठवतात असे कळले. पुतण्याला घाव वाचता येतात की नाही हे मी पाहिलेले नाही, म्हणून माझी शिफारस त्याला लागू धरू नये. पावती, विमा, लेखी जबाबदारी यांपैकी काहीही नाही. कोणाला सर्पदंश झाला किंवा पाय मोडला तर झोळी करून वाडीपर्यंत उतरवायला कित्येक तास लागतील, आणि मोठे सरकारी रुग्णालय खाली कळंबणीला आहे. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका रस्ता जिथे संपतो तिथपर्यंतच येऊ शकते, आणि त्यांना फोन लावायलाही आधी रेंज असलेली धार गाठावी लागते.

ज्यांना सलग आठ-नऊ तास चालण्याची सवय आहे, ज्यांच्यात निदान एक जण दोर हाताळणारा आहे आणि ज्यांना दुसऱ्याने 'नाही' म्हटलेले ऐकता येते, त्यांनी ही सेवा निःसंकोच घ्यावी. सहापेक्षा अधिक लोकांनी जाऊ नये. कारवीत रांग तुटते आणि एका माणसाला ती सांभाळता येत नाही. डिसेंबर ते फेब्रुवारीची सुरुवात हा काळ चांगला. पावसाळ्यात हा कातळ आणि हे ओढे यांच्या वाटेलाही जाऊ नये, आणि मार्चनंतर पाण्याचा प्रश्न बिकट होतो. दर ठरवताना घासाघीस करू नये. दोन दिवस घरचे काम बंद ठेवून, तिसऱ्या दिवशी एकट्याने परत चालत जाणाऱ्या माणसासाठी ही रक्कम कमीच आहे. आम्ही निघताना त्यांना ठरल्यापेक्षा अधिक देऊ केले तेव्हा त्यांनी ते घेतले नाही, म्हणून पुढच्या वेळी दरच वाढवून बोलायचे असे आम्ही ठरवले आहे. वाडीत संध्याकाळपूर्वी पोहोचावे, घरोघर चौकशी न करता पहिल्याच घरी 'सुमारगडाला कोण नेते' असे विचारावे. योग्य माणसापर्यंत निरोप आपोआप जातो.

आमच्यातल्या एकाच्या घड्याळात संपूर्ण वाटेची नोंद झाली आहे. ती सर्वांसाठी खुली करावी असा विचार पहिल्या रात्री आमच्यात झाला होता. धनगरवाड्यात ताक पिताना मी मामांना विचारले. त्यांनी सरळ उत्तर दिले नाही. दोन वर्षांपूर्वीच्या एका रात्रीविषयी सांगू लागले, की वरच्या रानात विजेऱ्या फिरताना दिसल्या म्हणून वाडीतली सहा माणसे जेवण टाकून चढली होती, आणि अर्ध्यावर पोहोचली तेव्हा ती चौदा पोरे दुसऱ्या सोंडेने उतरून गेलेली होती. त्या चौदांत मी होतो. आमच्यासाठी कोणी वर आले होते हे मला दोन वर्षे ठाऊकच नव्हते. मी मामांना ते सांगितले. ते काही बोलले नाहीत, पेला पुन्हा भरून दिला. ती नोंद आम्ही कुठेही चढवलेली नाही. पुढच्या मार्गशीर्षात पुन्हा जायचे ठरले आहे, या वेळी दोन वाटाड्यांसह, आणि कारवी किती वाढली हे ताडून पाहण्यापुरती ती घड्याळात राहील.